पुढच्या पाट्यांचा आवाज

वाचनालयाला कुलूप होतं, म्हणून गुणवंतराव त्या दिवशी भर दुपारीच मनकर्णाबाईंच्या घरी गेले. कुलूप का, ते त्यांनी विचारलं नाही. विचारायला तिथं कोणी नव्हतं, आणि असतं तरी त्यांनी विचारलं नसतं. जटपुरा दरवाजातून बाहेर पडून ते सावलीच्या बाजूनं चालत राहिले, फाटक नेहमीसारखं हळूच उघडलं आणि घराच्या कडेला पत्र्याच्या छपराखाली जिथं गाडी उभी असे तिकडे वळले. गाडीचं पुढचं अंग जॅकवर उचललेलं होतं. खालून दोन पाय बाहेर आले होते. पाय घरच्या गड्याचे, कोलूचे आहेत हे त्यांनी ओळखलं आणि मग त्यांना घासलेटचा वास आला. कोलू उताणा पडून एका चिंधीनं पुढच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांमधलं ग्रीस काढत होता. परवा संध्याकाळी गुणवंतरावांनी घातलेलं ग्रीस. एकाखाली एक बसवलेल्या त्या पोलादी पट्ट्यांच्या फटीफटीतून, जुन्या करवतीच्या पात्यानं, बोटं कापून घेत घातलेलं. कोलूला घाई नव्हती. तळाशी करपलेलं पातेलं घासावं तसा तो एकेक फट साफ करत होता आणि निघालेला काळा गोळा शेजारी पळसाच्या पानावर नीट ठेवत होता. गुणवंतरावांना राग यायला हवा होता. पण त्यांच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की आपण नको त्या वेळी आलो. परत फाटकापर्यंत जावं, या खेपेला कडी जोरात वाजवावी आणि पुन्हा यावं, असं त्यांना वाटलं. ते उभेच राहिले.

गाडी मूळ एका इंग्रज जंगल-साहेबाची. दोन माणसं बसतील एवढी, उघडी, हिरव्या रंगाची, लांब नाकाची. मागच्या बाजूचं झाकण उलटं उघडलं की तिथं तिसऱ्या माणसापुरतं एक आसन निघे. साहेब विलायतेला परत जाताना बापूसाहेब वकिलांनी ती घेतली. बापूसाहेब हे गुणवंतरावांचे कोर्टातले स्नेही. स्नेही म्हणजे बापूसाहेब बोलत आणि गुणवंतराव ऐकत. गुणवंतराव कोर्टात भाषांतरकार होते. मराठीतली फिर्याद इंग्रजीत आणि इंग्रजीतला निकाल मराठीत करण्यात त्यांची नोकरी सरली. खुनाची, बांधाची, बायको पळवल्याची, सागवान चोरल्याची हजारो वाक्यं त्यांच्या हातून गेली, आणि त्यातलं एकही त्यांचं नव्हतं. त्यांना त्याचं दुःख नव्हतं. दुसऱ्याचं वाक्य सांभाळून पलीकडे नेऊन ठेवण्यात एक प्रकारची सुरक्षितता असते. बापूसाहेब मात्र स्वतःचंच बोलत, आणि या गाडीत बसले की जास्त बोलत. मोहर्लीकडे त्यांची धानाची शेती होती. आठवड्यातून एकदा ते गाडी घेऊन जंगलातून तिकडे जायचे, मागच्या आसनावर कोलू. दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या कारखान्यातून त्यांनी गाडीचे पुढचे पाटे नवे करून आणले. गाडी लोण्यासारखी चालते, असं ते बाररूममध्ये सगळ्यांना सांगत होते. त्याच आठवड्यात, मोहर्लीहून परत येताना, उतारावरच्या वळणाला रस्त्याच्या मधोमध रानगवा उभा होता. गाडी नाल्यात गेली. कोलू मागून उडून बांबूच्या बेटात पडला म्हणून वाचला. बापूसाहेबांची छाती स्टिअरिंगच्या चाकावर आपटली. दवाखान्यात ते थोडे दिवस होते, आणि त्या दिवसांत त्यांना बोलता येत नव्हतं. गुणवंतराव रोज जाऊन खाटेशी बसत. बापूसाहेब बोलत नाहीत आणि आपणही बोलत नाही, तर मग आपण इथं कशाला आलो, हा प्रश्न त्यांना तिथं बसल्याबसल्या पडत असे. मग बापूसाहेब गेले.

नंतर गाडी ठोकून ठाकून सरळ केली, आणि ती छपराखाली उभी राहिली. वर्षभर कोणी तिला हात लावला नाही. मग मनकर्णाबाईंनी नवऱ्याची शेती वाट्यानं कसायला, बटाईनं दिली, आणि वरोऱ्याच्या एका लाकडाच्या ठेकेदाराचा मुलगा गाडी बघायला आला. गाडीभोवती फिरला, पुढच्या मडगार्डवर दोन्ही हात ठेवून त्यानं गाडी खालीवर दाबली. तेव्हा तो आवाज पहिल्यांदा गुणवंतरावांच्या कानावर पडला. चुंईईक्. दाबलं की चुंई, सोडलं की ईक्. बारीक, सुकलेला, तक्रार करणारा. "हा आवाज घालवून ठेवा, मंग मी नेतो," ठेकेदाराचा मुलगा म्हणाला. "आवाजाची गाडी नाई नेत मी. लोकं हासतील." तो गेल्यावर मनकर्णाबाई ओसरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "गाडी गेली की मीबी जाईन म्हणते, गुणवंतराव. जबलपूरले पोरीकडे, सुधीकडे. ती कवाची बोलावून राह्यली." त्यांनी हे चहाच्या कपाकडे बघत सांगितलं. गुणवंतरावांनीही कपाकडेच बघितलं आणि आपण गाडीचा आवाज घालवून देऊ, असं ते म्हणाले. आपण असं का म्हणालो, ते त्यांना त्या वेळी कळलं नाही. त्यांना पान्यांची नावं माहीत नव्हती. गाडी चालवता येत नव्हती. गाडीच्या खणात इंग्रजी पुस्तिका होती, एवढंच. ती वाचता येईल असं त्यांना वाटलं.

त्यानंतरच्या संध्याकाळी त्यांना एकामागून एक अशा आठवत नाहीत. एकच मोठी संध्याकाळ असावी तशा त्या आठवतात. पुस्तिका मडगार्डवर उघडी. वाऱ्यानं पान उलटू नये म्हणून वर पाना ठेवलेला. जॅक चाकाच्या आसाखाली लावायचा नाही, गाडीच्या सांगाड्याखाली लावायचा, म्हणजे वजन उतरतं आणि पाट्यांच्या पट्ट्या एकमेकींपासून किंचित सुटतात, हे त्यांना पहिल्यांदा समजलं तेव्हा एखादा अवघड श्लोक लागावा तसा आनंद झाला होता. मग तारेचा ब्रश, घासलेट, ग्रीस. काम झालं की विहिरीजवळच्या दगडावर सोड्यानं हात धुणं. मनकर्णाबाई वरून पाणी ओतायच्या. कोपरापर्यंत काळे झालेले आपले हात त्यांच्यासमोर धरताना त्यांना लाज वाटे, आणि त्या लाजेची ते दिवसभर वाट बघत असत. मग चहा. मग ओसरीवर बसणं. मनकर्णाबाई तांदूळ निवडत, नाहीतर काहीच करत नसत. दोघांमध्ये बोलणं फारसं होत नसे. एकदा त्या म्हणाल्या होत्या, "तुमी आले की घरात माणूस आल्यासारखं नाई वाटत. सावली सरकल्यासारखं वाटते." ते स्तुतीचं होतं की नव्हतं, याचा त्यांनी आठवडाभर विचार केला. गाडी चालवायलाही ते याच काळात शिकले, पोलीस लाइनीतल्या एका ड्रायव्हरकडून, मैदानात, पेन्शनीच्या वयात, आणि मग मनकर्णाबाईंना मोहर्लीच्या शेतावर नेऊन आणू लागले. आणि दर वेळी काम झालं की दोन दिवस गाडी गप्प असे. तिसऱ्या दिवशी कधी, चौथ्या दिवशी कधी, मडगार्ड दाबलं की पुन्हा चुंई. धूळ असेल, त्यांना वाटे. ग्रीस चुकीचं असेल. पुस्तिकेतल्या त्या वाक्याचा अर्थ आपण चुकीचा लावला असेल. चूक आपलीच असणार, यात त्यांना शंका नव्हती. आणि चूक सापडत नाही याचं दुःखही नव्हतं, हे त्यांनी स्वतःला कधी सांगितलं नव्हतं.

कोलूनं गाडीखालून डोकं बाहेर काढलं. गुणवंतरावांना बघून तो दचकला नाही. उठून बसला, चिंधीला हात पुसले.

"आज लवकर आले, भाऊ."

"वाचनालय बंद होतं," गुणवंतराव म्हणाले. त्यांचा आवाज खुलासा दिल्यासारखा होता.

कोलूनं मान हलवली. गुणवंतरावांनी पळसाच्या पानावरच्या त्या काळ्या गोळ्याकडे बोट केलं.

"दर वेळी तूच?"

"हो. दर वेळी."

"का?"

कोलूला या प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं. "काहून म्हंजे? तुमी बाईले घेऊन मोहर्लीच्या रस्त्यानं जाता ना. बाई बसते म्हणून. तुमी एकटे गेले असते तं मी काहून हात लावला असता?" मग तो थोडा हसला. "तशी तुमी गाडी हाकता ते पाहून गवा सोताच बाजूले होईल. बैल बरे, असं म्हणल तो."

गुणवंतराव हसले नाहीत. हसायचं होतं, पण ते सुचायला त्यांना नेहमीच उशीर लागे. कोलू बोलत राहिला. त्याच्या गावात जंगलात जाणाऱ्या गाडीच्या आसाला वंगण देत नाहीत. लग्नाच्या गाडीला देतात, बाजाराच्या गाडीला देतात. बांबू आणायला, लाकडाला, रात्रीच्या वाटेला जी गाडी जाते, ती कोरडी. "गाडी बोलली पायजे. जनावर आयकते, वाट सोडते. वंगण देऊन जंगलात शिरणं म्हंजे कोणाच्या घरात खाकरल्याबिगर शिरणं. मालकाले मी त्या दिवशी म्हटलं होतं. नागपूरची गाडी मुकी झाली मालक, म्हटलं. ते हासले. उतारावर इंजनबी बंद केलं त्यायनं. पाह्य कसं चालते, म्हणे. पाह्य कोलू, काई आवाज नाई." त्यानं चिंधीची घडी केली. "खरंच काई आवाज नव्हता, भाऊ. गवा आमच्याकडे पाठ करून उभा होता. त्याले आमी मालूमच नाई."

इंजिन बंद केलं हे कारण, पाटे नव्हेत, असं गुणवंतरावांच्या मनात आलं. ते त्यांनी बोलूनही दाखवलं. इंजिन तर सगळ्याच गाड्यांचं वाजतं, त्याचं जनावराला काय, असं कोलू म्हणाला. ट्रक जातात, जनावर कानही हलवत नाही. दोघांनाही आपलं म्हणणं पुरतं पटलेलं नसावं. मग कोलू हळूच म्हणाला, "बाईले नका सांगू. मालकाचं नाव निंघते मंग." आणि गुणवंतराव म्हणाले, "नाही सांगणार." हे त्यांना फार सोपं गेलं. इतकं सोपं, की ओसरीच्या पायऱ्या चढताना त्यांना स्वतःचा संशय आला.

आत मनकर्णाबाई ट्रंक उघडून बसल्या होत्या. जुनी लुगडी एकीकडे, बापूसाहेबांचे काळे कोट एकीकडे. कोट कोणाला द्यावेत, त्यांनी विचारलं. गुणवंतरावांचं लक्ष ट्रंकेच्या रिकाम्या होत चाललेल्या तळाकडे होतं. "सोमवारी तो वरोऱ्याचा येऊन राह्यला पुन्हा," त्या म्हणाल्या. "आवाज असला तं नाई म्हणते. आजकालच्या पोरायचे कान लय नाजूक." सोमवारी आवाज असेल. गुणवंतरावांना ते आता माहीत होतं. त्यांनी काहीही करायचं नव्हतं. ग्रीस घालायचं, कोलू ते काढील, ठेकेदाराचा मुलगा मडगार्ड दाबून परत जाईल, ट्रंक पुन्हा भरली जाईल, विहिरीच्या दगडावर पाणी ओतलं जाईल. यात कोणाचं नुकसान नव्हतं. कोणी खोटं बोलत नव्हतं. आयुष्यभर त्यांना जे जमलं तेच हे होतं: दुसऱ्याच्या वाक्यानं आपलं काम होऊ देणं. चहा पिताना ते या विचाराभोवती, ठेकेदाराचा मुलगा गाडीभोवती फिरला होता तसे, फिरत राहिले. कुठं दाबलं की वाजतं ते त्यांना शोधायचं होतं. एका रानगव्यासाठी कोलू दर वेळी भर दुपारी गाडीखाली झोपत होता. त्याला काय हवं ते त्याला ठाऊक होतं. बाई जगावी. आपल्याला काय हवं? बाई जाऊ नये. मग ही गोष्ट पोलादाच्या पट्ट्यांनी का बोलावी? त्यांना जायचं असेल तर जातील, आणि अडवायचंच असेल तर ते गाडीच्या तोंडून नको. हा विचार त्यांना स्वतःचा वाटला नाही. कुठंतरी वाचलेला असावा. पण कुठं, ते आठवेना, आणि आठवत नाही म्हणजे कदाचित आपलाच असेल, या शक्यतेनं ते घाबरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चांभाराकडे गेले आणि पुस्तिकेतल्या चित्राप्रमाणे चामड्याचे दोन पट्टे शिवून घेतले, बुटासारखे, दोरी ओवायची भोकं असलेले. पाटे साफ केले, ग्रीस भरलं, वरून चामडं गुंडाळून दोरीनं आवळलं. आता धूळ जाणार नव्हती, आणि दोरी सोडल्याशिवाय कोलूची चिंधीही जाणार नव्हती. कोलू सगळा वेळ शेजारी उकिडवा बसून बघत होता.

"दोरी मले सोडता येते, भाऊ."

"माहीत आहे," गुणवंतराव म्हणाले. "पण सोडू नकोस. त्यांना जायचं आहे. आपण दोघांनी मिळून त्यांना अडवून ठेवलंय."

"मी तं जनावरासाठी करत होतो," कोलू म्हणाला. "तुमी कशासाठी करत होते?"

गुणवंतराव चामड्याची दोरी पुन्हा आवळू लागले. ती आधीच आवळलेली होती.

त्याच दिवशी संध्याकाळच्या आत बटाईदाराकडचा धानाचा शेवटचा वाटा पाहून यायचं, असं मनकर्णाबाईंचं ठरलं होतं. त्या पुढं बसल्या, पदर कानामागं खोचून. कोलू मागचं झाकण उघडून बसला. जाताना ऊन होतं, रस्त्यावर बैलगाड्या होत्या, कोलू गप्प होता. खड्ड्यांतून गाडी वरखाली होत होती आणि त्यातून काहीही आवाज निघत नव्हता. मनकर्णाबाईंनी एकदा बाहेर वाकून चाकाकडे बघितलं. "केलं तुमी शेवटी," त्या म्हणाल्या. त्यात आनंद नव्हता, नाराजीही नव्हती. परत निघाले तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. सागाची पानं गळून गेली होती, खाली पडलेली पानं रस्त्यावर सरकत होती, आणि ती सरकल्याचं ऐकू येत होतं. एवढं ऐकू येणं गुणवंतरावांना नवीन होतं. इतके दिवस त्या रस्त्यावर गाडी बोलत होती म्हणून त्यांनी न बोलणं हे न बोलणं ठरत नव्हतं. आता मनकर्णाबाईंच्या बांगड्याही ऐकू येत होत्या. त्यांचा श्वासही.

पहिल्या वळणापाशी कोलू मागं उभा राहिला. गाडीच्या कडेला धरून त्यानं तोंड वर केलं आणि ओरडला. होऽऽऽ, होऽऽऽ. गुरं हाकताना घालतात तशी लांब, पोटातून आलेली हाळी. मनकर्णाबाई दचकल्या. "काय रे हे, कोलू? खूळ लागलं काय?"

"बोलून राह्यलो, बाई. गाडी बोलत नाई आता."

मनकर्णाबाईंनी वळून त्याच्याकडे बघितलं, मग समोर रस्त्याकडे. पुढे उतार लागत होता, आणि उताराच्या शेवटी ते वळण होतं. त्यांना काय समजलं, किती समजलं, गुणवंतरावांना कळलं नाही. नाही सांगणार, असं त्यांनी वचन दिलं होतं आणि सांगितलंही नव्हतं, पण कोलूनं ते जंगलभर सांगितलं होतं. "इथी थांबवा," त्या म्हणाल्या. गुणवंतरावांनी गाडी थांबवली. थांबवताना इंजिन बंद पडलं, त्यांच्या हातून नेहमी पडे तसंच. मनकर्णाबाई उतरल्या नाहीत. बसल्याबसल्या नाल्याकडे बघत राहिल्या. नाल्यात पाणी नव्हतं. बांबूचं बेट होतं, त्यावर कसलीही खूण नव्हती.

"वहिनी," गुणवंतराव म्हणाले. "जाऊ नका."

ते म्हणाले आणि वाक्य तिथंच राहिलं. त्याला पुढं काही जोडायला हवं होतं. कारण, निदान एखादं 'म्हणून'. मागं कोलू खोकला.

"हे गाडी वाजत होती तेव्हा म्हणायचं होतं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "आयकलंच नाई, असं दाखवता आलं असतं मले." त्या थोड्या हसल्या, आणि मग हसणं राहिलं नाही. "मी जाईन, गुणवंतराव. या रस्त्याच्या इतक्या जवळ नाई राहवत मले. रोज संध्याकाळी वाटते, आता फाटक वाजल. ते वाजत नाई, तुमी येता. तुमचा राग नाई येत. पण तुमी ते नाई." त्यांनी पदर पुन्हा कानामागं खोचला. "तुमी म्हटलं ते बरं केलं. ते गेल्यापासून जा म्हणणारे लय भेटले. सुधी, माहेरचे, शेजारचे. नका जाऊ, असं कोणीच म्हटलं नव्हतं. मले वाटे, माही इथी कोणाले गरजच नाई."

गुणवंतरावांनी मान हलवली. छातीत काहीतरी मोकळं झालं, की रिकामं झालं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. दोन्ही शब्दांना इंग्रजीत एकच शब्द चालेल काय, असा एक निरुपयोगी विचार त्यांच्या मनात येऊन गेला. सोमवारी ठेकेदाराचा मुलगा मडगार्ड दाबील, गाडी गप्प राहील आणि तो ती घेऊन जाईल. नंतरच्या संध्याकाळी ते वाचनालयात बसतील. हे सगळं त्यांना दुसऱ्याच कोणाच्या खटल्यातल्यासारखं स्वच्छ दिसत होतं.

"चला भाऊ, अंधारून राह्यलं," कोलू मागून म्हणाला.

गाडी सुरू झाली. उतारावर त्यांनी इंजिन बंद केलं नाही. वळण जवळ आलं तेव्हा त्यांनी कोलूच्या हाळीची वाट बघितली. कोलूच्या तोंडून फक्त घोगरा वारा निघाला. त्याचा घसा बसला होता. पुढचा रस्ता वळणाआड होता आणि तिथं काय उभं आहे ते दिसत नव्हतं. गुणवंतरावांनी तोंड उघडलं. आयुष्यात ते कधी ओरडले होते की नाही, हे त्यांना आठवलं नाही. आवाज कुठून काढायचा हेही ठाऊक नव्हतं. जो निघाला तो बारीक होता, फाटका होता, मधेच तुटला. होऽ, असं काहीतरी. त्यांचे कान गरम झाले.

मनकर्णाबाई समोर बघत होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

"जोरानं हो, गुणवंतराव," त्या म्हणाल्या. "एवढ्यानं तं ससाबी नाई हालत."